तीन महिने पुरे व्हायच्या आत

काशीतल्या रामघाटाच्या आमच्या गल्लीत कडक सोवळ्याची दोनच माणसं उरली आहेत. एक पाठशाळेतले गुरुजी आणि दुसरे आमच्या वरच्या मजल्यावरचे यज्ञूभाऊजी. गुरुजींचं सोवळं दुपारचं जेवण झालं की सुटतं, मग ते आमच्या ओट्यावर बसून पान खातात आणि सगळ्यांची उणीदुणी काढतात. यज्ञूभाऊजींचं सुटतच नाही. संध्याकाळी मैदागिनच्या चौकात टोटोतून, म्हणजे बॅटरीच्या रिक्षातून, उतरून गल्लीत शिरतात ते भिंतीच्या कडेकडेने. समोरून कुणी आलं तर दोन हात लांब थांबतात. कुणाचं पोर धावत आलं तर पिशवी छातीशी धरून मागे सरकतात. मी खाली दारात उभी असतेच. माझ्या त्या उभं राहण्याला गल्लीत दोन-तीन नावं आहेत, ती मी इथे लिहीत नाही. मला म्हणतात, "आलोच वहिनी, आंघोळ करून." त्या आंघोळीला गेलेला माणूस वीस वर्षांत काही परत खाली आलेला नाही.

नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, मोठे कर्मठ दिसतात. मी त्यांना सांगते, अहो, हे देवाचं सोवळं नाही, हे औषधाचं आहे.

यज्ञेश्वर भाऊजी एका कॅन्सरच्या रुग्णालयात औषधं कालवतात. वडील दशाश्वमेधावर यात्रेकरूंचे विधी करायचे, मुलगा फार्मसी शिकला. कॅन्सरची औषधं बाटलीतून येतात, कुठे पावडर, कुठे लालभडक पाणी. प्रत्येक रोग्यासाठी ती वेगळी मोजून सलाइनच्या पिशवीत भरावी लागतात. ज्याला रोग आहे त्याच्यासाठी ते औषध, बाकी सगळ्यांसाठी विष. कातडीतून आत जातं, धूळ झाली तर श्वासातून जातं. म्हणून एका बंद खोलीत, काचेच्या पेटीसमोर बसून ते हे काम करतात. दोन-दोन हातमोजे, पाठीमागे बंद असलेला झगा, नाकावर जाड मास्क, डोळ्यांवर चष्मा. एकदा त्यांनी मला मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा मी म्हटलं, "भाऊजी, यात तुम्ही कुठे आहात?" तर म्हणाले, "हा चष्म्याच्या मागे." विनोद केला होता, पण तोंड असं की मला हसावं की नाही ते कळेना.

त्यांची बायको मालविका माझी मैत्रीण होती. तीन वर्षांपूर्वी डेंगूने गेली. माणूस गेल्यावर त्याच्या गोष्टी सांगू नयेत म्हणतात, पण मग मी सांगायचं तरी काय. लग्नानंतर दोन वर्षांनी तिला दिवस गेले होते. तेव्हा त्या रुग्णालयात ना काचेची पेटी होती, ना झगे. खिडकीशी टेबल, वर पंखा, हातात साधे हातमोजे, तेही कधी असले तर. भाऊजी त्याच कपड्यांत घरी यायचे आणि मालविका ते कपडे धुवायची. पाचव्या महिन्यात सगळं संपलं. त्यानंतर पुन्हा काही झालं नाही.

ते त्या औषधामुळे झालं असं कुणा डॉक्टरने सांगितलं नाही. भाऊजींनी विचारलंही नाही. कुठलीशी इंग्रजी माहितीपत्रकं मागवून रात्रंदिवस वाचत बसले आणि मग एक दिवस गच्चीवर स्वतःची वेगळी बादली नेऊन ठेवली. मालविका मला म्हणाली होती, "इंदू, हा माणूस माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं. हा स्वतःलाच शिवेनासा झालाय." तेव्हापासूनचं हे सोवळं.

अशा माणसाच्या आयुष्यात रुचा आली.

रुचा म्हणजे आमच्या गल्लीतल्या सुनीतीची सून. नागपूरची पोर, बी. फार्म. झालेली, जिभेने तिखट. नवरा वेदांत बँकेत, सोनभद्रकडे बदली, शनिवारी घरी. गेल्या वर्षी मार्चात तिला भाऊजींच्याच खोलीत नोकरी लागली. कंत्राटावर, पण वर्षभर त्या खोलीत काम पुरं केलं की कायम करायचं असं ठरलेलं. भाऊजींना निवृत्तीला दोनच वर्षं होती, आणि त्यांच्यानंतर ते काम येणारं तिथे कुणी नव्हतं. म्हणजे ती त्यांची चेलीच.

पहिले दोन महिने ती रोज माझ्याकडे येऊन नकला करून दाखवायची. भाऊजींचा आवाज काढायची, "रुचा, हातमोजा उतरवताना बाहेरची बाजू बोटाला लागली की ते बोट तुझं राहिलं नाही." मग भुवया वर करून, "सांडलं तर धावायचं नाही. आधी माणसं बाहेर. मग धोक्याची पाटी. मग शोषून घेणारा कपडा. पुसायचं कडेकडून मध्याकडे. पाणी ओतायचं नाही, पाण्याने ते पसरतं."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, सर, आमच्या सासूबाई उलट करतात. आधी सगळीकडे गंगाजल शिंपडतात आणि मग बघतात काय सांडलंय ते. काकू, हसले हो. खरंच हसले. मास्कला सुरकुत्या पडल्या."

मी ही बातमी तासाभरात गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचवली. कुणी विश्वास ठेवला नाही. पण मग लोकांना दिसायलाच लागलं. दोघं एकाच टोटोतून जायची यायची. ती पुढे बडबडत, हे मागे दोन हातांवरून ऐकत. ती नागपूरची सुकी चटणी घेऊन जायची, हे दुपारी हात तीनदा धुऊन ती खायचे. वरच्या मजल्यावर रेडिओ लागायला लागला. एका रविवारी तर भाऊजींनी मला विचारलं, "वहिनी, गोडलिंबाची पानं आहेत का? रुचाने चटणीची कृती दिलीय." मालविका गेल्यापासून त्या माणसाने माझ्याकडे मागितलेली ती पहिली वस्तू.

कार्तिक लागला तेव्हा मला एक गोष्ट दिसली. मला दिसतात. चौकातल्या कचौडीवाल्याच्या कढईजवळून रुचा रोज हुंगत जायची, ती आता ओढणी नाकाला लावून पलीकडच्या भिंतीला चिकटून जायला लागली. मी त्याच दुपारी सुनीतीला गाठलं.

"काय गं, सून कचौडीवर रुसली वाटतं?"

सुनीतीने आधी दार लावलं. मग खिडकी लावली. मग म्हणाली, "इंदू, तुला विश्वनाथाची शपथ. सातवा आठवडा चाललाय. तीन महिने पुरे झाल्याशिवाय गल्लीत एक शब्द गेला ना, तर मी तुझ्या घरचं पाणी पिणार नाही. दृष्ट लागते."

तीन महिने पुरे व्हायच्या आत सांगायचं नाही, हे आमच्याकडे सगळ्याच घरांत आहे. माझ्या वेळी माझ्या सख्ख्या भावाला कळलं नव्हतं. त्यामुळे मी शपथ घेतली, आणि ती घेताना मला अगदी खरी वाटत होती. पण संध्याकाळी भाऊजी जिना चढायला लागले आणि माझ्या तोंडातून निघून गेलं. त्यांना तेवढंच हसवावं म्हणून.

"भाऊजी, चटणी जरा जास्त मागून घ्या आता. तुमची चेली दोघांचं जेवतेय."

ते तिसऱ्या पायरीवर होते. तिथेच बसले. कपडे बदललेले नाहीत, आंघोळ नाही, आणि पायरीवर बसले.

"कितवा?"

"सातवा आठवडा, सुनीती म्हणते. आणि तुम्ही हे ऐकलेलं नाही."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "वहिनी, पहिले तीन महिने. सगळ्यात वाईट काळ तोच. बाळाचे अवयव तेव्हा घडत असतात. आणि नेमकं तेव्हाच आपण सांगत नाही." पुढे म्हणाले, "दारावर पाटी आहे. मीच लिहून लावलीय. गर्भवती महिलाएँ प्रभारी को तुरंत सूचित करें. ती रोज त्या पाटीखालून आत येते."

मी म्हटलं, "मग तुम्हीच विचारा."

"मी कसं विचारू? कुणाच्या सुनेला?"

आता हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचा माणूस, काकाच्या नात्याचा, शेजारच्या घरातल्या सुनेला तिच्या पोटाचं विचारणार, तेही घरच्यांनी कळवलेलं नसताना. आमच्यात ते जमत नाही. आणखी एक अडचण होती, ती त्यांनीच सांगितली. त्यांना कळलंय असं झालं की वर कळवणं भाग. वर कळवलं की रुचा त्या खोलीतून बाहेर, आणि मार्चात कायम होणं राहिलं. ती कदाचित म्हणूनही गप्प असेल.

"मी बघतो," म्हणाले. "तिला कळू देऊ नका मला कळलंय."

त्यांनी जे बघितलं ते असं. दुसऱ्या दिवसापासून सगळी औषधं स्वतः कालवायला घेतली. रुचाला आत येऊ देईनात. आज म्हणे तुझा मास्क नीट बसलेला नाही, बाहेर चिठ्ठ्या लिही. उद्या म्हणे हातमोजा चढवताना घाई केलीस, बाहेर बस. परवा काहीच कारण नाही, नुसतं बोट दाराकडे. रुचाने मास्क चार वेळा बसवून दाखवला. उपयोग झाला नाही. मग ती बोलेनाशी झाली. टोटोसुद्धा वेगळी करायला लागली. चटणीचा डबा बंद.

माझ्याकडे येऊन रडली. "काकू, मी सात महिने शिकले. एक थेंब कधी सांडला नाही माझ्या हातून. आता ढुंढिराजसमोर मला बाहेर काढतात." ढुंढिराज म्हणजे वॉर्डातून पिशव्या न्यायला येणारा माणूस, पन्नाशीचा, आपल्याच ब्रह्मघाटाचा. "त्यांना मी नकोय. कायम करायची वेळ आली म्हणून खोड्या काढतात."

आणि मी, जिच्या पोटात तीळ भिजत नाही म्हणून गल्ली ओळखते, मी तिच्या समोर बसून म्हटलं, "असतील गं कसल्या टेन्शनमध्ये." तोंड उघडलं असतं तर सुनीतीची शपथ दुसऱ्यांदा मोडली असती आणि भाऊजींना दिलेला शब्दही. एवढी बातमी जवळ असून गप्प बसायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. वर भाऊजी, खाली रुचा, आणि मध्ये मी आंबट तोंडाने. रेडिओही थांबला होता.

दोन आठवडे हे चाललं. मग तो गुरुवार.

मला हे रुचाने सांगितलं, आणि ढुंढिराजने वेगळं सांगितलं. दोन्ही जुळतात म्हणून लिहिते. भाऊजी आतल्या खोलीत पेटीसमोर बसले होते. रुचा बाहेरच्या छोट्या खोलीत चिठ्ठ्या लावत होती. ढुंढिराजने औषधांचा ट्रे आणला आणि तो टेबलावर ठेवताना कोपरा हुकला. लाल औषधाची एक काचेची बाटली खाली पडून फुटली. रुचाच्या पायापाशी लाल थारोळं झालं, वाटीभर असेल.

रुचा घाबरली नाही. सगळं शिकवल्यासारखं केलं. ढुंढिराजला बाहेर ढकललं, धोक्याची पिवळी पाटी दारात उभी केली, भिंतीवरची, सांडलेलं पुसायच्या सामानाची पेटी उघडली, आतला मास्क लावला, हातमोजे चढवले, शोषून घेणारा कपडा हातात घेतला आणि गुडघे टेकून बसायला लागली. तिच्या मनात एकच होतं की आज यांना दाखवते मला येतं की नाही.

तेवढ्यात आतलं दार उघडलं.

"रुचा, बाहेर."

"सर, मला येतं."

"बाहेर जा."

"तुम्हीच शिकवलंत. कडेकडून मध्याकडे. बघा तरी एकदा."

"बाहेर जा म्हणतो ना."

ती उठली नाही. उलट कपडा पसरायला हात पुढे केला आणि न बघता म्हणाली, "माझं काय चुकतंय ते सांगा. पंधरा दिवस झाले. आज सांगितल्याशिवाय मी हलणार नाही."

लाल पाणी फरशीच्या सांधीतून तिच्या गुडघ्याकडे सरकत होतं.

"तुझ्या पोटात बाळ आहे," भाऊजी म्हणाले. "उठ. चपला इथेच सोड. कशाला हात लावू नकोस."

दाराबाहेर ढुंढिराज उभा. त्याने मान खाली घातली. रुचा म्हणते, तिला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग खाली बघितलं तेव्हा सलवारीच्या काठावर आणि डाव्या घोट्यावर लाल शिंतोडे दिसले. बाटली फुटली तेव्हाच उडालेले. कायम होण्याच्या नादात तिने ते पाहिलेच नव्हते. मग मात्र भीती वाटली.

भाऊजी जागचे हलले नाहीत. त्यांच्या हातमोज्यांना औषध लागलेलं, तिला हात देऊन उठवताही येईना. दोन हात छातीसमोर वर धरून उभे राहिले आणि तिथूनच एकेक सांगत गेले. हातमोजे आतली बाजू बाहेर करत काढ. मास्क मागच्या पट्ट्यांनी काढ. ढुंढिराज, सिस्टरला बोलाव, रुचाचे कपडे बदलायचेत, जुने पिवळ्या पिशवीत. रुचा, साबण लाव, नळ चालू ठेव. चोळू नकोस, कातडी सोलवटेल. पंधरा मिनिटं. मी सांगेन.

ती मोरीत नळाखाली पाय धरून बसली. दाराआड भाऊजींनी फरशी पुसली, कडेकडून मध्याकडे. काचा चिमट्याने उचलल्या. साबणाने एकदा, दोनदा, तीनदा धुतली. पिशवीत पिशवी घालून बांधली. आणि तेवढं करताना मोठ्याने वेळ सांगत होते. चार मिनिटं झाली. सात झाली. रुचा, नळ चालू आहे ना. ती "हो सर" म्हणायची. अकरा झाली. ढुंढिराज म्हणतो, पूजेतला मंत्र सांगावा तसे सांगत होते.

पंधरा मिनिटांनंतरही पाच मिनिटं नळ बंद करू दिला नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, कातडीवर थोडंच आलंय, लगेच धुतलंय, श्वासातून काही गेलेलं नाही, बहुतेक काही होणार नाही. पण खात्रीने आत्ता कुणीच सांगू शकत नाही, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बघू. पाचवा महिना हे शब्द ऐकून भाऊजी बाहेर निघून गेले.

रुचाने त्याच दिवशी लेखी कळवलं. सासूला न विचारता. दुसऱ्या दिवसापासून तिला ओपीडीच्या औषधखिडकीवर बसवलं, कायम होणं पुढच्या वर्षावर गेलं. सुनीती माझ्या घरचं पाणी पीत नाही, ते बरोबरच आहे, मी तिला बोल लावत नाही. पण रुचा भाऊजींशी शेवटचं जे बोलली ते आमच्याच जिन्यात, माझ्यासमोर.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग सांगितलं का नाही? मी दोन आठवडे रोज घरी जाऊन रडत होते. मला वाटत होतं मी बावळट आहे. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मी त्या दिवशी तिथे नसते. मला काय बाळापेक्षा नोकरी मोठी होती?"

खरं म्हणजे ती तरी कुठे बोलली होती, हे मला म्हणायचं होतं. पण हाताची घडी घालून उभ्या असलेल्या त्या माणसाकडे बघून मीही गप्प बसले. आम्ही तिघांनीही तेच केलं होतं.

पाचवा महिना यायला हिवाळा संपावा लागला. त्या काळात भाऊजी घरी आले की दारात थांबायचे. काही विचारायचे नाहीत. मीच सांगायची, "आज पायऱ्या चढताना दिसली." "आज नवरा आलाय." मान हलवून वर जायचे. सोनोग्राफी झाली त्या दिवशी मी सुनीतीच्या खिडकीखाली इतका वेळ भाजी निवडत बसले की मेथीच्या काड्यासुद्धा निवडून झाल्या. आतून रुचाच्या हसण्याचा आवाज आला. वर जाऊन सांगितलं, "सगळं नीट आहे." ते म्हणाले, "हात?" मी म्हटलं, "दोन." "पाय?" "अहो, दोनच असतील, आणखी किती हवेत?" ते दार धरून उभे राहिले आणि मग दार हळू लावून घेतलं.

ज्येष्ठात मुलगी झाली. बकुळ नाव ठेवलं. बारशाला त्यांना बोलावणं आलं नाही, मलाही नाही.

रुग्णालयाने त्या खोलीत दुसरं कुणी दिलेलं नाही. माणूस मिळत नाही म्हणतात. भाऊजी एकटेच कालवतात, रविवारीही जातात. ढुंढिराज म्हणतो, दुपारी डबा उघडतात आणि बाहेरच्या खोलीतल्या त्या खुर्चीकडे तोंड करून जेवतात. कधीकधी हातमोजा उतरवताना तोंडाने सांगतात, कुणी ऐकायला नसताना.

गेल्या रविवारी सकाळी रुचा आली. कडेवर बकुळ, चार महिन्यांची, टकलू, वेदांतसारखं नाक. मला बघून आधी ओठ मुडपले, मग म्हणाली, "काका आहेत का वर?"

"गेलेत. रविवारीही जातात आता."

"येतील का लवकर?"

"काय सांगता येतं."

ती बसली. पाऊण तास बसली. मी बकुळला मांडीवर घेतलं, तिने माझ्या बांगड्या चोखल्या. रुचा दर दोन मिनिटांनी गल्लीकडे बघत होती. शेवटी दुधाची वेळ झाली म्हणून उठली. दारातून वळून म्हणाली, "सांगा त्यांना, आले होते. आणि मी अजून रागावलेली आहे, असंही सांगा."

"दोन्ही सांगू?"

"दोन्ही."

संध्याकाळी भाऊजी आले. मी दोन्ही सांगितलं. मला वाटलं, काहीतरी बोलतील, निदान कधी येणार आहे पुन्हा ते तरी विचारतील. ते भिंतीला टेकून उभे राहिले. पिशवी छातीशी धरलेली.

"वजन किती आहे?"

"कुणाचं?"

"बाळाचं."

मी बांगड्या चोखू दिल्या होत्या, नाक कुणासारखं ते बघितलं होतं, टाळू भरत आली की नाही तेही बघितलं होतं. वजन विचारलं नव्हतं. पण त्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना.

"सहा किलो," मी ठोकून दिलं.

त्यांनी मनाशी हिशेब केला. "चार महिन्यांना सहा. चांगलं आहे." पुन्हा एकदा म्हणाले, "चांगलं आहे," आणि आंघोळीला वर गेले.

सोमवारी मी सुनीतीच्या नाकावर टिच्चून तिच्या दारात उभी राहिले आणि रुचाला खरं वजन विचारून आले. सहा किलो दोनशे. ते भाऊजींना अजून सांगितलेलं नाही. रुचा पुन्हा येईपर्यंत एक खरी बातमी हाताशी असू द्यावी म्हणते.